डबा आपण न्यायचा

सकाळी सातला धुळ्याहून काकांचा फोन आला. "मन्हा हप्ता थकना का रे, भो?"

मी जळगावात घरून काम करतो. कर्जदारांना हप्त्याची आठवण करून देणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर. आदल्या रात्री टेस्ट चालवताना कुठला तरी नंबर हवा म्हणून काकांचा टाकला होता. टेस्टमध्ये खरा मेसेज थोडीच जातो, असं मला वाटलं. तो गेला. कपाशीसाठी कर्ज काढलेला माणूस रात्रभर जागा होता, आणि उजाडताच शेजाऱ्याकडून ५,००० रुपये उसने घेऊन आला होता.

चूक एका ओळीत होती. थकबाकी शोधणारा माझा क्लास मेसेज पाठवणारा ऑब्जेक्ट स्वतःच 'न्यू' करून बनवत होता. टेस्ट असो वा नसो, तो खऱ्यालाच हाक मारणार.

यावरचा उपाय मला तोंडपाठ होता. मार्टिन फाउलरने २००४ च्या लेखात त्याला 'डिपेंडन्सी इंजेक्शन' हे नाव दिलं. कॉलेजात मी व्याख्या लिहून मार्कही मिळवलेत. पण डोक्यात शिरलं ते आमच्या गल्लीतल्या गिरणीत. आई कळण्याचं दळण देते: ज्वारी, अख्खे उडीद, थोडं मीठ. गिरणीवाला धान्य आणायला बाजारात जात नाही, डबा आपण न्यायचा. त्याला फक्त दळता येईल असा दाणा हवा. आणि दगडांना टाकी लावली की तो कुणाचं दळण घेत नाही. आधी किडकी ज्वारी टाकून कचकच काढतो. ही टेस्टच की!

मग क्लासचा कन्स्ट्रक्टर बदलला. मेसेज पाठवणारा आता बाहेरून येतो. टेस्टला नकली द्यायचा, जो फक्त 'यांना पाठवला असता' अशी नोंद ठेवतो. काम अर्ध्या तासाचं. (नंतर उत्साहात एका कन्स्ट्रक्टरला ९ गोष्टी बाहेरून दिल्या. त्या क्लासला इतकं लागतं म्हणजे तो नको तेवढी कामं करतोय, हे उशिरा कळलं. स्प्रिंगसारखं फ्रेमवर्क सगळे डबे आपोआप पोचवतं, त्यामुळे हे लपूनही राहतं.)

रविवारी एसटीने धुळ्याला गेलो. काकांना सगळं सांगितलं, गिरणीसकट. त्यांनी एवढंच विचारलं, माझा नंबर काढला का? तो राहिला होता. तिथेच ओट्यावर लॅपटॉप उघडून काढला.

पैसे त्याच दिवशी परत गेले होते. शेजाऱ्याला काय कारण सांगितलं, ते विचारायचं धाडस झालं नाही.