पलीकडची वही

२६ ऑक्टोबर २०२४चा शनिवार. दिवाळी तोंडावर आलेली. मी चकलीची भाजणी भाजत होते आणि माडीवरून सासऱ्यांचा आवाज येत होता, "फाइव्ह नाइन, टू टू!"

आमचे अप्पा हौशी रेडिओवाले, म्हणजे 'हॅम'. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी 'सीक्यू वर्ल्डवाइड' ही जागतिक स्पर्धा असते. आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते, सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. ४८ तासांत जगभरातल्या जास्तीत जास्त हॅमना रेडिओवर गाठायचं. फाइव्ह नाइन म्हणजे तुमचा आवाज स्वच्छ येतोय आणि टू टू म्हणजे आमचा झोन २२. जगाचे असे ४० झोन पाडलेत.

नोंदी ठेवायला माझा मुलगा बसला होता. दुपारी मी चहा घेऊन वर गेले, तर तो वैतागलेला. "अज्जा, मत्ते सोन्ने!" म्हणजे पुन्हा शून्य. माझ्या माहेरच्या धारवाडहून नवा लायसन्सवाला मुलगा बोलत होता. आपल्याच देशातल्या माणसाशी बोललं तर गुण शून्य, आशियातल्या दुसऱ्या देशाचा एक, इतर खंडांचे तीन. अप्पा मात्र त्याचा तुटक आवाज तीनदा ऐकून घेत होते.

"आपल्याला शून्य," अप्पा म्हणाले, "पण त्याला या बँडवर भारतातलं पहिलंच कुणी भेटतंय. त्याला देश आणि झोन, दोन्ही मिळाले."

ही खरी गंमत मला तेव्हा कळली. प्रत्येक बँडवर पहिल्यांदा मिळालेला प्रत्येक देश आणि प्रत्येक झोन मोजतात आणि त्या बेरजेने एकूण गुणांना गुणतात. सोमवारी मुलाने हिशेब मांडला. इतर खंडांतल्या ८० जणांचे २४०, आशियातल्या ३४ जणांचे ३४, भारतातल्या सहांचे शून्य. एकूण २७४. देश-झोन मिळून ७५. गुणाकार २०,५५०.

यात एक संपर्क धरला नव्हता. दक्षिण अमेरिकेतला नवा देश, पण खरखरीत कॉलसाइनचं शेवटचं अक्षर 'डी' की 'बी' तेच कळलं नव्हतं. मुलाने 'डी' लिहिलं होतं. तो धरला तर २७७ गुणिले ७६, म्हणजे २१,०५२. एका अक्षरावर ५०२ गुण! आणि अक्षर चुकलं असेल, तर संपर्क रद्द होऊन वर दंडाचे गुण कापतात.

"इंटरनेटवर बघून दुरुस्त करतो," मुलगा म्हणाला.

"स्पर्धा संपली. आता बाहेरून बघून अक्षर बदलायचं नाही, तसा नियमच आहे."

"मग काढूनच टाकतो. दंड तरी वाचेल."

अप्पांनी आयुष्यभर कापडाचं दुकान चालवलेलं. म्हणाले, "अरे, तिकडे सगळ्यांच्या नोंदी एकमेकांशी ताडून बघतात. आपण नोंद काढली, तर त्याच्या वहीत आपण आणि आपल्या वहीत तो नाही. खोटा तो ठरेल. दंड त्याला बसेल. आपल्याशी बोलला एवढाच का त्याचा गुन्हा?"

मुलगा गप्प झाला. मीही गप्पच होते, कारण काढून टाक म्हणणाऱ्यांत मीही होते. नोंदी पाच दिवसांत पाठवायच्या असतात. लक्ष्मीपूजनाच्या आत त्या गेल्या, 'डी'सकट, जशाच्या तशा.

पुढे तपासणीत ते अक्षर चुकलेलंच निघालं. संपर्क गेला, दंडही बसला. अप्पांनी निकाल वाचला, चष्मा काढला आणि जेवायला बसले.

पुढच्या वर्षी मी पुन्हा भाजणी भाजत होते. माडीवरून या वेळी मुलाचा आवाज आला. समोर बरेच जण ताटकळत असणार, तरी तो कुणाला तरी विचारत होता, "शेवटचं अक्षर पुन्हा सांगा, प्लीज. पुन्हा एकदा."