वीस गुणांची आजी

गुण देणें हें शिक्षकाच्या धंद्यांतलें सर्वांत निरुपायाचें काम होय. शिकवितांना माणसाला थोडेबहुत आनंदाचे क्षण लाभतात. वर्गांत एखादा प्रश्न अनपेक्षितपणें निघतो आणि तास केव्हां संपला तें समजत नाहीं. पण उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढें आला, कीं त्या आनंदाचा हिशेब आंकड्यांत मांडावा लागतो. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेंत निदान सनावळी तरी असते. ती बरोबर किंवा चूक ठरवितां येते. मी ज्या विषयाचा प्राथमिक अभ्यासक्रम गेलीं कांहीं वर्षें शिकवितें, त्यांत ही सोयहि नाहीं. त्या विषयाचें नांव स्त्री-अभ्यास. लेखी परीक्षेच्या जोडीला वीस गुणांचा एक प्रकल्प त्यांत प्रत्येक विद्यार्थ्याला करावा लागतो. त्यामुळें दरवर्षीं फेब्रुवारी महिन्यांत कुणाची आई, कुणाची आजी, कुणाची शेजारीण, कुणाची धुणेंभांडीं करणारी मावशी, अशा साठसत्तर बायका पुठ्ठ्यांत बांधलेल्या होऊन माझ्या टेबलावर येतात, आणि त्यांना वीसपैकीं किती, हें ठरविण्याचें काम माझ्याकडे असतें.

या विषयाच्या नांवाचीच पुष्कळांना गंमत वाटते. "म्हणजे शिवण, विणकाम वगैरे का?" असें एका गृहस्थांनीं मला आगगाडींत मोठ्या आपुलकीनें विचारलें होतें. दुसऱ्या एका बाई म्हणाल्या, "बायकांचा अभ्यास तो काय करायचा? आपण असतोंच कीं घरांत!" गृहस्थांच्या प्रश्नापेक्षां या बाईंचा आक्षेप मला अधिक विचार करण्याजोगा वाटला. जें रोज डोळ्यांपुढें असतें, तेंच बहुधा अभ्यासाबाहेर राहतें. भारत सरकारनें स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं १९७१ सालीं एक समिती नेमली. तिचा अहवाल १९७४ च्या अखेरीस तयार झाला. १९०१ सालीं दर हजार पुरुषांमागें ९७२ स्त्रिया होत्या आणि १९७१ सालीं त्या ९३० वर आल्या, या गोष्टीकडे त्या अहवालानें देशाचें लक्ष वेधलें. शिरगणतीचीं पुस्तकें तर सर्व ग्रंथालयांत होतीं आणि आंकडेहि कुणी लपविले नव्हते. उणीव होती ती त्या आंकड्यांना प्रश्न विचारणाराची. त्याच १९७४ सालीं मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठांत नीरा देसाई यांच्या पुढाकारानें स्त्री-अभ्यासाचें संशोधनकेंद्र निघालें; पुणें विद्यापीठांत असें केंद्र १९८७ सालीं निघालें. विषयाचा जन्मच असा न विचारलेल्या प्रश्नांतून झाला असल्यामुळें, त्याच्या पहिल्या पायरीवर विद्यार्थ्याला पाठांतराऐवजीं प्रश्न विचारावयास लावावें, हें ओघानेंच आलें. प्रकल्पाचा हेतु एवढाच.

हेतु चांगला असला म्हणून फळ चांगलें येतेंच असें नाहीं. या प्रकल्पांचे दोन वर्ग सहज पडतात. पहिल्या वर्गांतला प्रकल्प पाहतांक्षणींच ओळखूं येतो. मुखपृष्ठावर चमकीची नक्षी, आंत सावित्रीबाई फुले यांचें रंगीत चित्र, त्याखालीं १८४८ सालच्या पुण्यांतील मुलींच्या शाळेची चार ओळींत हकीकत—तीहि दुसऱ्याच्या वहींतून उतरलेली, कारण दोघांची चूक एकच असते—आणि अखेरीस, "स्त्री आणि पुरुष हीं संसाररथाचीं दोन चाकें आहेत," हा निष्कर्ष. हा रथ दरवर्षीं माझ्या टेबलावरून पंचवीसतीस वेळां तरी जातो. तो ओढतें कोण, हा प्रश्न मात्र त्या निबंधांत कधीं येत नाहीं.

दुसऱ्या वर्गांतले प्रकल्प थोडे असतात आणि त्यांची सुरुवात साध्या कुतूहलानें झालेली असते. एका मुलीनें आपल्या आळींतल्या दारांवरच्या पाट्या उतरून घेतल्या. पुरुषांचीं नांवें बहुतेक सर्वत्र होतीं, याचें तिला नवल वाटलें नाहीं. बायकांचीं नांवें कोठें होतीं, तर डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यावर, शिकवणीच्या वर्गावर आणि ब्लाउज शिवून देणाऱ्या बाईंच्या खिडकीशीं. कमाई दारापर्यंत आली, कीं नांवहि दारापर्यंत येतें, अशी टीप तिनें समासांत लिहिली होती. पण खरी नजर तिनें पुढेंच दाखविली. त्याच आळींत "मातोश्री", "मातृछाया", "आईचा आशीर्वाद" अशीं घरांचीं नांवें तिला आढळलीं. त्या प्रत्येक घरीं जाऊन तिनें विचारलें, कीं या आईचें नांव काय? एके ठिकाणीं नातवाला तें चट्कन् सांगतां येईना. तो आंत गेला आणि विचारून आला. महाराष्ट्रांत १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवांत, सरकारी कागदपत्रांवर, वडिलांच्या नांवाआधीं आईचें नांव लिहिण्याचा नियम झाला आहे. या नियमाचें मर्म मीं वर्गांत पाऊण तास समजावून सांगितलें असतें, तरी त्या नातवाच्या आंत जाऊन येण्याइतकें तें स्पष्ट झालें नसतें.

घड्याळाचा प्रकल्प याहून अवघड. घरांतल्या एका व्यक्तीचा पहांटेपासून निजेपर्यंतचा दिवस अर्ध्याअर्ध्या तासानें टिपावयाचा. केंद्र सरकारनें २०१९ सालीं देशभर अशीच पाहणी केली होती. सहा वर्षांच्या वरच्या माणसांपैकीं घरच्यांसाठीं बिनपगारी घरकाम करणाऱ्यांचें प्रमाण बायकांत शेंकडा ८१ तर पुरुषांत शेंकडा २६ आढळलें. आणि जीं माणसें हें काम करतात, त्यांतहि बाईचीं दिवसाला सरासरी २९९ मिनिटें व पुरुषाचीं ९७ मिनिटें त्या कामीं जातात, असें दिसून आलें. हे आंकडे फळ्यावर लिहिले, कीं वर्ग ते मुकाट्यानें उतरून घेतो. ते पटतात घरीं गेल्यावर.

एका विद्यार्थ्यानें आईला विचारलें, "आज काय काय केलंस?" ती म्हणाली, "कांहीं नाहीं रे, घरींच तर होतें." तेव्हां पुढच्या रविवारीं तो स्वतःच वही घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं ठाण मांडून बसला. पहिल्या अर्ध्या तासांतच त्याची अडचण झाली. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर दूध, हातीं लसणीच्या पाकळ्या, आणि तोंडानें धाकट्या बहिणीकडून पाढे म्हणवून घेणें; हें सारें एका रकान्यांत कसें बसवावें? त्यानें शेवटीं रकान्यालाच उभ्या रेघा मारून त्याचे चार भाग केले. इतक्यांत आईनें त्याच्यापुढें एक जुडी टाकली आणि म्हटलें, "नुसता लिहीत बसण्यापेक्षां तेवढी कोथिंबीर निवडून दे." त्यानें ती निवडली, आणि प्रामाणिकपणें नोंद केली: "आई, १० मिनिटें कमी. मी, १० मिनिटें जास्त. निरीक्षकामुळें निरीक्षणांत फरक पडला." समाजशास्त्राच्या पद्धतीवरचीं जाडजूड ग्रंथ जी गोष्ट प्रकरणेंच्या प्रकरणें खर्चून सांगतात, ती त्याला कोथिंबिरीच्या एका जुडीनें शिकविली.

अशा प्रकल्पांविषयीं घरोघरीं सर्वांनाच प्रेम वाटतें असें नाहीं. एक पालक मुद्दाम मला भेटावयास आले. अत्यंत सभ्य गृहस्थ. म्हणाले, "आमच्या घरांत कुणाची कांहीं तक्रार नाहीं, बाई. मुलगी मात्र वही घेऊन मोजीत बसते. मायेचा हिशेब ठेवूं नये, असें आम्ही समजतों." त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्याजोगें मला वाटलें नाहीं. हिशेबानें माया आटते ही भीति जुनी आहे आणि ती अगदींच निराधारहि नाहीं. पण बहुतेक घरांत भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असते, आणि ज्या दिवशीं दूध आलें नाहीं त्या दिवसाच्या चौकोनांत एक खूण असते. ती खूण बहुधा घरांतली बाईच करते. तिच्यामुळें दूधवाल्याशीं वैर येत नाहीं. उलट महिनाअखेर दोघांचेंहि समाधान राहतें. हिशेब ठेवावयाचाच नाहीं असें जेथें ठरतें, तेथें एकाच बाजूची बाकी वाढत जाते, आणि पुढें पुढें तिचा उच्चार करणेंहि वाईट दिसूं लागतें. हें मीं त्यांना सांगितलें. तें पटल्याचें त्यांनीं दाखविलें नाहीं; पण ते चहा घेऊन गेले, आणि मुलीनें प्रकल्प पुरा केला.

माझ्या मनाला खरा पेंच पडला तो एका आजीमुळें. त्या मुलीनें आपल्या आजीची जीवनकथा लिहावयास घेतली होती. आजी चौथी इयत्ता झालेली. लग्न झालें आणि शाळा सुटली. पुढें शेत, गुरें, सहा बाळंतपणें. आठ दिवस नात रोज दुपारीं तिच्याजवळ बसे आणि आजी सांगत असे. नवव्या दिवशीं आजीनें एक गोष्ट सांगितली, सांगून झाल्यावर घटकाभर गप्प बसली, आणि म्हणाली, "ह्ये लिवू नगंस, बाय. ह्ये तुला सांगितलं, कागदाला न्हाई."

मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. ती गोष्ट काय होती तें तिनें मला सांगितलें नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं. तिचा प्रश्न निराळाच होता. "बाई, सगळ्या वहींत तेवढीच गोष्ट महत्त्वाची आहे. ती गाळली तर राहतें काय? आणि लिहिली तर—" वाक्य पुरें करण्याची जरूर नव्हती.

एका बाजूनें पाहिलें, तर आमचा सारा विषयच अशा हरवलेल्या शब्दांच्या हळहळींतून उभा राहिला आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं "स्त्री-पुरुष तुलना" प्रसिद्ध केली, आणि पुढें ती इतकी विस्मरणांत गेली, कीं स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं ती पुन्हां छापून पुढें आणावी लागली. छापलेल्या पुस्तकाची ही कथा, तर न छापलेल्या बोलांची काय सांगावी? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एरवीं गांवोगांवीं पिठाच्या गिरण्या आल्यावर त्यांतल्या कितीतरी ओव्या गाणाऱ्या बायांबरोबरच गेल्या असत्या. तेव्हां सांगणारी समोर बसली असतां लेखणी खालीं ठेवावयाची, हें या विषयाच्या शिक्षिकेला जड वाटणारच.

पण दुसरी बाजूहि तितकीच खरी. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, किंवा लक्ष्मीबाई टिळक यांचीं "स्मृतिचित्रें" १९३४ पासून भागाभागांनीं बाहेर आलीं, तेव्हां काय सांगावें आणि काय झांकावें हें त्या लेखिकांच्या हातीं होतें. लेखणी त्यांची होती. या आजीची लेखणी नातीच्या हातांत होती, आणि नातीच्या लेखणीवर वीस गुणांचा अंमल होता. जिच्या वतीनें जन्मभर दुसऱ्यांनींच निर्णय घेतले, तिचा हा एक नकारहि विद्येच्या नांवाखालीं मोडावयाचा, तर मग तिच्यावर प्रकल्प लिहावयाचा तरी कशाला?

मीं मुलीला सांगितलें, कीं ती गोष्ट लिहूं नये. पण ती नव्हतीच, असेंहि भासवूं नये. वहींत एक पान कोरें सोडावें आणि त्याच्या माथ्यावर लिहावें, "येथील मजकूर सांगणारीच्या इच्छेवरून लिहिलेला नाहीं." तिनें तसें केलें. शिवाय सारी वही आजीला वाचून दाखवावी आणि तिनें होय म्हटल्याखेरीज ती माझ्याकडे देऊं नये, अशी अट मीं घातली; तेव्हांपासून ही अट सर्वांनाच लागू झाली आहे. वाचन ऐकून आजीनें दोन दुरुस्त्या केल्या. लग्नांतल्या लुगड्याची किंमत नातीनें चुकीची लिहिली होती, ती तिनें बरोबर करविली. आणि "आजी चौथी पास झाली" एवढेंच जेथें होतें, तेथें "गणितांत पहिली" हे शब्द घालावयास लावले. कोऱ्या पानावरून तिनें एकदां हात फिरविला, आणि तें तसेंच असूं दे म्हणाली. मग नातीला विचारलें, "तुजी बाई मला किती मार्क देनार गं?"

या प्रश्नाचें उत्तर देणें भागच होतें, कारण गुणपत्रक भरावयाचें होतें. आजीला गुण देण्याचा अधिकार मला नाहीं. गुण नातीचे, आणि त्यांचा हिशेब मी आतां असा करतें. प्रश्न स्वतःचा असल्यास पांच. विचारण्यापूर्वीं परवानगी घेतली असून लिहिल्यावर वाचून दाखविलें असल्यास पांच. आपल्या अपेक्षेविरुद्ध निघालेली एक तरी गोष्ट न लपवितां नोंदली असल्यास पांच. भाषा, शुद्धलेखन आणि मांडणी मिळून पांच. निष्कर्षाला मीं गुणच ठेवलेले नाहींत. त्यामुळें संसाररथ अलीकडे माझ्या टेबलावरून थोडा कमी जाऊं लागला आहे.

कोऱ्या पानाविषयीं परीक्षेच्या नियमांत कांहीं सांगितलेलें नाहीं. बाहेरून आलेले परीक्षक वही चाळतां चाळतां त्या पानाशीं थांबले आणि म्हणाले, "हें एक पान राहिलेलें दिसतें." मीं म्हटलें, "राहिलेलें नाहीं, ठेवलेलें आहे." त्यांनीं माथ्यावरची ओळ वाचली, क्षणभर थांबले, आणि कांहीं न बोलतां पान उलटलें. त्या वहीला अठरा गुण मिळाले. दोन गुण शुद्धलेखनाचे गेले. आणि आजीला तें कळल्यावर तिनें नातीकडून चुकलेले शब्द दहादहा वेळां लिहवून घेतले, असें त्या मुलीनेंच मला येऊन सांगितलें.