तारखेचं नाव

अलेक्झांडर मोयझेसनं आपल्या आठव्या सिंफनीला नाव म्हणून एक तारीख दिली: २१ ऑगस्ट १९६८. ती तारीख उजाडण्याआधीच्या रात्री वॉर्सा करारातल्या देशांचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले होते. तारखेपुढे त्यानं आणखी काही लिहिलं नाही. ज्यांनी ती रात्र पाहिली, त्यांना तारीख पुरेशी होती.

तोवर तो साठी ओलांडलेला, मान्यवर स्लोव्हाक संगीतकार होता. १९०६ साली जन्म. वडील मिकुलाश मोयझेस स्वतः संगीतकार. मुलगा प्रागला शिकायला गेला तेव्हा त्याचा गुरू वीतेझस्लाव नोव्हाक यानं त्याला पुन्हा मायभूमीच्या लोकगीतांकडे वळवलं. स्लोव्हाक लोकांना तेव्हा गाण्यांची ददात नव्हती. सिंफनीची परंपरा मात्र जवळजवळ नव्हतीच. १९१८ पर्यंत हा प्रदेश हंगेरीच्या राज्यात, आणि मोठे वाद्यवृंद, संगीतशाळा सगळं दुसऱ्यांच्या शहरांत. अशा ठिकाणी एका माणसानं बारा सिंफनी लिहिणं म्हणजे परंपरेचा पायाच घालणं होय.

त्या मातीचा सूर ओळखायला आपल्याला फारसे कष्ट पडत नाहीत. फुजारा नावाची माणसाएवढी उंच बासरी तिथले मेंढपाळ वाजवतात. त्यांच्या डोंगरातल्या गाण्यांत अनेकदा शुद्धऐवजी तीव्र मध्यम लागतो. म्हणजे आपल्या कल्याण थाटाचेच स्वर. यमनाची सवय असलेल्या कानाला मोयझेसच्या संगीतात मधूनच ओळखीचं काही भेटतं, त्याचं हे कारण. राग मात्र त्यात शोधू नये. स्वर सारखे असले तरी चलन अगदी वेगळं आहे.

बाराही सिंफनींचं ध्वनिमुद्रण लादिस्लाव स्लोव्हाकच्या संचालनात ब्रातिस्लाव्हाच्या स्लोव्हाक रेडिओ सिंफनी ऑर्केस्ट्रानं केलं आहे. हा वाद्यवृंद १९२९ पासूनचा, आणि मोयझेसनंही त्या शहराच्या रेडिओत काम केलेलं. लेनिनग्राडला संचालक म्राविन्स्कीच्या हाताखाली राहिलेल्या लादिस्लाव स्लोव्हाकनं याच वाद्यवृंदाकडून शोस्ताकोविचच्या सगळ्या सिंफनी वाजवून घेतल्या होत्या. जगातल्या श्रीमंत वाद्यवृंदांची चकाकी इथे नाही, पण हे संगीत या वादकांचं घरचं आहे आणि ते ऐकू येतं. मला तरी त्या चकाकीपेक्षा ही जवळीक मोलाची वाटते.

सातवी १९५४-५५ मधली. मोयझेसची मुलगी मार्ता गेली आणि तिच्या आठवणीत त्यानं ही लिहिली. बापाचं दुःख आहे, पण आक्रोश नाही. या सिंफनीतल्या संथ भागापाशी मी पुन्हा पुन्हा जातो. दुःखानं माणूस मुका होतो म्हणतात. मोयझेस त्या मुकेपणातून वाट काढत नेहमीच्या, गाण्याच्या सुराकडे येतो, आणि घाई करत नाही. आठवीत दुःख एकट्याचं राहत नाही, साऱ्या देशाचं होतं. ऐकताना वाटतं, सातवी आधी लिहिली म्हणूनच त्याला आठवी लिहिता आली असेल.

शेवटची, बारावी, १९८३ ची. पुढच्या वर्षी तो गेला. सगळ्या बारा ऐकायला वेळ नसेल, तर सातवी आणि आठवी लागोपाठ ऐका, याच क्रमानं.