मागच्या चाकांचा ब्रेक

उताराला लागलेली भरली बंडी ज्यानें पाहिली आहे त्यास, ओझें ओढणाऱ्याच्या मागून मुकाट्यानें येतें, असें कधींहि वाटावयाचें नाहीं. बैल ओढणें सोडून पाय रोवूं लागतात, जूं शिंगांकडे सरकतें, आणि धुरकऱ्याचा चेहरा उतरतो. जुन्या चांदा जिल्ह्यांत (१९८२ सालीं त्यांतून गडचिरोली जिल्हा निराळा झाला) रानवाटांवर हा देखावा आम्हीं पुष्कळदां पाहिला. बंडीच्या जागीं मोटार आली. ओझ्याचा स्वभाव मात्र पालटला नाहीं.

मागील दिवाळीच्या सुमारास आष्टीहून आल्लापल्लीस जात असतां, पुलाचे लोखंडी गर्डर लादलेला एक लांब ट्रेलर कडेस उभा दिसला. ओढणारा ट्रक ठीक होता. ट्रेलरचे ब्रेक लागत नव्हते. मालकाचा फोनवर एकच धोशा : ट्रकचे ब्रेक आहेत ना, मग हळूहळू चल. चालक हलावयास तयार नव्हता. "काका, समोरचा थांबते, मागचा नाही थांबत. मंग तो आडवा येते," असें तो आम्हांस म्हणाला. सुरजागडचें लोहखनिज वाहणाऱ्या गाड्यांनीं आधींच गजबजलेल्या त्या रस्त्यावर शाळेचीं मुलें सायकलीवरून जात होतीं. त्यांच्याकडे पाहतां चालकाचा हट्ट आम्हांस फार मोलाचा वाटला.

अशा गाडीचा ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतो. ट्रकपासून ट्रेलरकडे दोन नळ्या जातात. लाल नळींतून ट्रेलरच्या टाकींत हवा भरत असते. पिवळी नळी निरोप्या आहे. ब्रेकवर पाय पडला कीं ती मागें वर्दी देते, आणि ट्रेलर आपल्या टाकींतील हवेनें स्वतःचीं चाकें आवळतो. लाल नळी तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप बसतात. दोष उत्पन्न होतांच गाडी थांबावी, ही युक्ति जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें १८७२ सालीं आगगाडीकरितां काढली. पण पिवळी नळी तुंबली तर कसलाहि गाजावाजा होत नाहीं. चालकापुढील कांटा ट्रकच्या टाकीची हकीकत सांगतो, व ती उत्तम असते!

आष्टीहून आलेल्या मिस्त्रीनें चालकापुढील यंत्राला प्रथम हातच लावला नाहीं. चाकांखालीं दगड दिले, इंजिन बंद करून कान लावला; फुसफुस कोठेंच नव्हती. मग पिवळी नळी ट्रेलरपासून सोडवून चालकास ब्रेक दाबावयास सांगितलें. हवा जोरानें आली. म्हणजे पुढचें सारें निर्दोष. नंतर ट्रेलरकडील तोंडांत त्यानें तार घातली, तों वाळलेल्या मातीचा गोळा निघाला. कुंभारीण माशीनें तेथें घर बांधलें होतें. ट्रेलर पावसाळाभर उघड्या तोंडानें उभा होता, असें चालकाकडून कळलें.

अमेरिकेंत आमच्या पुतण्याच्या पिक-अपला ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकांचें नियंत्रण अंगचेंच आहे. एकदां तें, ट्रेलर जोडलेलाच नाहीं, असें सांगूं लागलें. महागडी पेटी बदलावयाचें घाटत होतें; शेवटीं दोष निघाला तो मागच्या जोडणींतील गंजलेल्या तारेंत. पेटी समोर असते म्हणून संशय तिच्यावर जातो. मागें जाऊन गुडघे टेकावयास कोण तयार असतो?

मिस्त्रीनें मग नळी जोडून चालकाकडून पुन्हा ब्रेक दाबविला, आणि स्वतः एकेका चाकाशीं वाकून दांडा किती बाहेर येतो तें पाहिलें. एका चाकाचा दांडा फार येत होता; तो त्यानें आवळला. या सर्वांस तासभर लागला. तेवढ्यांत मालकाचे आणखी तीन फोन आले. चौथ्या वेळीं चालकानें तो घेतला आणि एवढेंच सांगितलें, "नळीच्या तोंडाले झाकण पायजे. दोन पाठवा."