खिशातला टेस्टर

लाकडी पट्टीवरच्या वायरिंगच्या काळात धाकटी डहाणूत वायरमन यायचा तो शर्टाच्या खिशात टेस्टर खोचून. पिशवीत होल्डरला दोन वायरी जोडलेला शंभर वॅटचा बल्ब. एवढ्यावर अख्खी आळी तपासून व्हायची. घरात होतं तरी काय? दोन दिवे, पंखा, रेडिओ. पुढे खाडीकाठी 500 मेगावॅटचं औष्णिक केंद्र उभं राहिलं, पण त्याची वीज निघाली मुंबईच्या उपनगरांकडे. आमच्या घरात वीज मंडळाचीच.

त्या वायरमनची एक सवय आज कुणात दिसत नाही. टेस्टर आधी चालू प्लगला लावायचा, मग दुरुस्तीच्या जागी, मग पुन्हा चालू प्लगला. टेस्टरमधला ठिपका आपल्याच अंगातून जाणाऱ्या नगण्य करंटवर पेटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं किंवा दारातून ऊन आलं, की वायर जिवंत असूनही तो दिसत नाही. न्यूट्रल तुटला असेल तर दोन्ही भोकांत पेटतो. म्हणून टेस्टर नाशिकच्या टपारियाचा घ्या, त्याहून महाग नको. ती सवय मात्र हवी.

आता घरोघरी एसी, इन्व्हर्टर, मासळीचा डीप फ्रीजर. खाऱ्या वाऱ्याने स्विचबोर्डातले स्क्रू हिरवे पडतात, पावसाळ्यात भिंत ओलावते आणि विजेची गळती ओळखणारा आरसीसीबी रात्री-अपरात्री पडतो. मग कुणीतरी दोन-अडीचशेचा पिवळा मीटर आणतं. रिमोटचे सेल तपासायला तो उत्तम. पण त्याच्या 10 अँपिअरच्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की इथे फ्यूज नाही. पिन चुकून तिथेच राहिली आणि टोकं 230 व्होल्टच्या प्लगात गेली, तर थेट शॉर्ट, तोही हातात धरलेल्या मीटरमध्ये. जास्त पैसे मोजायचे ते इथे: करंटच्या सर्व भोकांना दमदार फ्यूज, जाड वायरी आणि कॅट-थ्री हा दर्जा असलेल्या मीटरला. मेन बोर्डापाशी हात घालणाऱ्याने यात काटकसर करू नये.

आरसीसीबी का पडतो, हे मात्र तोही मीटर नीट सांगत नाही. त्याला मेगर लागतो. 500 व्होल्ट सोडून वायरचं इन्सुलेशन मेगओहममध्ये मोजणारा. तो घरी घेणं म्हणजे हौस. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूपेक्षा ती बाळगणाऱ्या वायरमनला दोन पैसे जास्त दिलेले परवडतात.

आणि तो शंभरचा बल्ब? फेज आणि अर्थिंगला जोडून उजळला, की अर्थिंग ठीक म्हणायचे. अर्थिंगचा खड्डा सुकलेला असला की त्या चाचणीत घरातल्या पत्र्याच्या वस्तूंत वीज उतरायची, हे कुणी बोलत नसे. आज तसा जोडला तर 400 हून जास्त मिलिअँपिअर जमिनीत जायला बघतात आणि 30 ला पडणारा आरसीसीबी घर अंधारात टाकतो.