नखाएवढी गोष्ट

मानवी देहातील ज्या अवयवांवर आपल्या भाषेने अन्याय केला आहे, त्यांत नखांचा क्रमांक बराच वर लागेल. डोळ्यांना कमळ मिळाले, नाकाला चाफेकळी मिळाली, दातांना मोती मिळाले. नखांना संस्कृत कवींनी कधीकाळी चंद्राची उपमा दिली खरी. पण आपल्या रोजच्या बोलण्यात त्यांच्या वाट्याला आले ते ‘गळ्याला नख लावणे’! एखाद्याला अगदीच क्षुद्र ठरवायचे असले की आपण म्हणतो, ‘त्याला हिच्या नखाचीही सर नाही.’ म्हणजे देहातील सर्वांत टाकाऊ वस्तू कोणती, तर नख!

तिन्हीसांजेला नखे काढू नयेत, काढलेली घरात सांडू नयेत, सांडली तर भांडण होते, अशी आमच्या आजीची सक्त ताकीद. तिच्या लहानपणी न्हावी नऱ्हाणी घेऊन घरोघर येई. आता घरोघर नेलकटर आहे आणि हवे तेव्हा ते सापडत नाही, यावरूनच काय ती भांडणे होतात. आकाशात बगळ्यांची रांग दिसली की आम्ही मुले नखांवर नखे घाशीत बगळ्यांकडे कवडी मागत असू. नखावर पांढरा ठिपका उमटला की ती बगळ्याने दिलेली कवडी! पुढे कोणी सांगितले, ठिपका म्हणजे कॅल्शियमची कमतरता. तेही खरे नव्हे. बहुतेक वेळा ती नखाच्या मुळाशी बसलेल्या लहानशा माराची खूण असते. ती वर येईपर्यंत आपण तो मार विसरूनही गेलेले असतो.

ज्याला आपण नख म्हणतो ते निर्जीव असते. गाईचे शिंग आणि घोड्याचा खूर ज्या केराटिनचा, त्याच केराटिनचे तेही बनते. म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत असते ते कातडीखाली दडलेले मूळ. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी जो पांढरा अर्धचंद्र दिसतो, तो त्याचाच बाहेर डोकावणारा भाग. त्याच्यावर कातडीची पातळ किनार असते. पाणी आणि जंतू यांना ती दारातच अडवते. ती फाटली की नखुरडे होते आणि रात्रभर बोट ठणकते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. सबंध नवे नख यायला सुमारे ६ महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला तर वर्ष-दीड वर्ष.

म्हणजे प्रत्येक नख ही गेल्या सहा महिन्यांची रोजनिशीच! मोठ्या आजारात मुळाचे काम थबकते आणि नखावर आडवी खाच पडते. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४६ साली हे नोंदवून ठेवले. खाच मुळापासून किती पुढे सरकली यावरून आजार केव्हा येऊन गेला याचा अंदाज बांधता येतो.

पण नखांकडे जग वळून पाहते ते केव्हा? पुण्याच्या श्रीधर चिल्लाळ यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखे कापली नाहीत. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये ती कापली, तेव्हा पाच नखांची लांबी भरली ९०९.६ सेंटिमीटर! नखे नऊ मीटर झाली की वर्तमानपत्रात येतात. भांडी घासणाऱ्या हातांची नखे पाहायला सवड कोणाला असते?

गेल्या वर्षी मावसबहिणीच्या लग्नात मी आईला नेलपॉलिश लावायला बसले. रंग मध्येच साचू लागला. नखे पातळ, मधोमध खोलगट, कडा वर उचललेल्या. पाण्याचा थेंब ठेवला तर चमच्यातल्यासारखा राहावा. आई म्हणाली, “अगं, घासून घासून झिजलीत ती. माझ्या आईचीही अशीच होती.” जिना चढताना तिला धाप लागे, तीही म्हणे वयामुळे. आईचे वय बेचाळीस!

डॉक्टरबाईंनी नखे पाहिली, खालच्या पापणीची आतली बाजू पाहिली, पाळीची चौकशी केली आणि रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन ७ निघाले; बाईमाणसाला ते निदान १२ हवे. शरीरात लोह उरले नव्हते.

“जेवता केव्हा?” त्यांनी विचारले.

“सगळ्यांचं झालं की.”

“आणि काय जेवता?”

“उरेल ते. अन्न टाकवत नाही, बाई.”

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळीच्या आगेमागे चहा बंद, लिंबाचे सरबत चालू. महिन्याभरात धाप कमी झाली. नखे मात्र आपल्याच चालीने चालली होती. तिसऱ्या महिन्यात बुडाशी नवे नख दिसले, गुलाबी आणि फुगीर. पुढे अजून जुना चमचा होताच. एकाच बोटावर आईचे दोन काळ शेजारी शेजारी उभे होते.

आता ती आमच्याबरोबर जेवायला बसते. म्हणजे बसवावी लागते. ‘तव्यावर भाकरी आहे’ म्हणून उठू लागली की धाकटा भाऊ तव्याकडे धावतो. त्याची भाकरी अजून गोल होत नाही, पण आई ती गरम गरम खाते.

वाचकहो, आज घरी गेल्यावर, तुमच्याकडे जी सर्वांत शेवटी जेवते, तिचा हात जरा उजेडात धरून पाहा.