बाबांच्याच रक्तातून

बाबा रापणीवरचे. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर उभा जन्म दोर ओढण्यात गेला. मुंबईत पेशी काढायच्या दिवशी नर्सला त्यांच्या हाताची शीर शोधावी लागली नाही. एका हातातून रक्त यंत्रात जायचं, पांढऱ्या पेशी बाजूला निघायच्या, बाकीचं दुसऱ्या हातातून परत. रक्त गोठू नये म्हणून घालतात त्या औषधानं ओठांना मुंग्या आल्या, तेव्हा कॅल्शियम दिलं. बाबांनी मला विचारलं, "म्हणजे औषध माझ्याच रगतातसून काढतले?"

आजार मँटल सेल लिम्फोमा. निदान गोव्यात, बांबोळीच्या रुग्णालयात झालं. केमोनं गाठी विरल्या, पुन्हा उगवल्या. मग इब्रुटिनिबच्या गोळ्या आल्या. कर्करोगी बी-पेशी ज्या बीटीके प्रथिनाच्या जोरावर वाढतात, तेच या गोळ्या अडवतात. पुढे त्याही अपुऱ्या पडल्या आणि कार-टीचं नाव निघालं. आपल्याच टी-पेशींना प्रयोगशाळेत सीडी-१९ ही खूण ओळखायला शिकवून परत सोडायचं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार-१९ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत कोटींच्या घरात जाणारा हा उपचार लाखांत आला. तरी आमची माडांची बाग गहाण पडलीच.

गोळी गुण देत नाही तर बंद करूया, असं मी म्हटलं. डॉक्टरांनी थांबवलं. ती टी-पेशींनाही थकू देत नाही, म्हणाले. ऑस्ट्रेलियातल्या टारमॅक अभ्यासात २० रुग्णांना कार-टीच्या आधीपासून इब्रुटिनिब दिलं होतं. चौथ्या महिन्यात १६ जणांनी उपचाराला पूर्ण प्रतिसाद दिला होता. आकडा लहान, पण आमच्यासाठी तो मोठा आधार होता.

पेशी सोडल्या आणि ताप चढला. मेंदूवर परिणाम होतोय का, हे बघायला रोज एक वाक्य लिहून घेत. बाबा लिहीत, 'होडी किनाऱ्याक लागली.' एका सकाळी अक्षर वाकडंतिकडं झालं, 'किनाऱ्याक' अर्ध्यावरच थांबला. लगेच औषध सुरू झालं. दोन दिवसांनी ओळ पुन्हा पुरी झाली. पुढच्या पेट स्कॅनमध्ये गाठी दिसल्या नाहीत. तपासण्या चालूच आहेत.

लिम्फोमा उलटला असेल तर एक करा. पुढची केमो, विशेषतः बेंडामस्टिन, घेण्याआधीच कार-टी करणाऱ्या केंद्रात फाइल दाखवा. त्या औषधानं टी-पेशी दुबळ्या होतात, आणि हा उपचार त्यांच्याच बळावर चालतो.